दुसऱ्या खेपेची बाई

पहिल्या खेपेला माझं डोहाळजेवण माहेरी झालं होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, झाकलेल्या वाटीखाली पेढा की बर्फी. सातव्या महिन्यात आई घेऊन गेली ती बाळ तीन महिन्यांचं झाल्यावरच मी भोसरीला परतले. त्या दिवसांत मला कुणी भरलेली कळशी उचलू दिली नाही. पहिलटकरणीचे लाड करायची आपल्याकडे रीत आहे आणि ती चांगली रीत आहे.

आता दुसरी खेप. सातवा महिना लागलाय. थोरला बावीस महिन्यांचा आहे. बावीस महिन्यांच्या पोराला थोरला म्हणताना माझ्या पोटात तुटतं, पण घरात सगळे आता त्याला तसंच म्हणतात. रिवाजाप्रमाणे दुसरं बाळंतपण सासरी, आणि सासूबाई गावी दोन म्हशींमागे अडकलेल्या. त्या आल्या तर बाळंतपणाच्या सुमारास येतील, त्याही पंधरा-वीस दिवसांसाठी. तोवर मी, नवरा, थोरला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लिफ्ट नाही. पाणी एक दिवसाआड. नवरा चाकणला कंपनीत आहे, पहिली शिफ्ट असली की पावणेसहाला बाहेर पडतो.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय की मागचं सीझर आहे, वजन उचलायचं नाही. थोरल्याचं वजन साडेअकरा किलो. रोज खालून भाजी घेऊन येताना तो दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसकण मारतो, दोन्ही हात वर करतो आणि म्हणतो, "घे." मी पिशवी खाली ठेवते, त्याच्या शेजारी पायरीवर बसते, कठड्यातून रस्त्यावरच्या रिक्षा मोजते, कधी एक पायरी तू, एक पायरी मी असा खेळ मांडते. चार पायऱ्या होतात. मग पुन्हा "घे." आणि मी घेते. रोज घेते. ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली की ते मान हलवतात आणि पुन्हा म्हणतात, "उचलू नका."

रात्रीचंही तसंच. डाव्या कुशीवर झोपा, असं सांगितलंय. पोरगं पडू नये म्हणून आम्ही त्याला भिंतीकडे झोपवायचो, आणि भिंत माझ्या उजव्या हाताला. डाव्या कुशीवर वळले की त्याला माझी पाठ. रात्री दोनला जागा झाला की तो पाठीवर चापट्या मारायचा, तोंड इकडे कर म्हणून. शेवटी आम्ही उशा पायथ्याला नेल्या, म्हणजे भिंत डाव्या हाताला आली. सासूबाई फोनवर कळवळल्या, "अगं, उत्तरेला डोकं करून झोपतेस?" मी म्हटलं, "आई, निदान तो झोपतो तरी." त्या गप्प झाल्या. त्यांनीही पाठोपाठची तीन बाळंतपणं काढलीत.

हे सगळं सांगते ते माझं दुःख मोठं आहे म्हणून नाही. आमच्या घरात दोन वेळचं नीट आहे, नवरा समजूतदार आहे. पण गेल्या सात महिन्यांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. दुसऱ्या खेपेच्या बाईला लोह, कॅल्शियम आणि सोनोग्राफीइतकीच गरज असते ती वरच्या मुलाला दिवसातले काही तास विश्वासानं सांभाळणाऱ्या हातांची. हे हात कुणी द्यायचे, हा घरगुती प्रश्न आहे असं आपण धरून चाललोय. मला तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न वाटतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे आणि ते खरोखर उपयोगाचं आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मीही जाते. गेल्या वेळी रांगेत तीसेक बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या कडेवर नाही तर पायाशी एकेक पोर. बाकं भरलेली, म्हणून पोरं फरशीवर. एकाला शी झालेली, एक बिस्किटासाठी लोळण घेतंय. वजनकाट्यावर उभी राहिले तर थोरल्यानं माझा पाय धरला. सिस्टर म्हणाल्या, "पोराला बाजूला करा, काटा चुकतोय." रक्तदाब घेताना तो दंडावरचा पट्टा ओढत होता. रक्तदाब जास्त आला. खरा जास्त होता की त्या ओढाताणीचा, हे कळायला मला तासाभरानं पुन्हा बसवलं. सोनोग्राफीच्या दारावर शिपाई म्हणाला, "मूल आत नाही." मग मागे उभ्या असलेल्या एका बाईनं न विचारताच त्याला घेतलं. तिचं नाव मला ठाऊक नाही. आत मला गार जेल लावत होते आणि बाहेर तो रडत असलेला मला ऐकू येत होता. डॉक्टर म्हणाल्या, बाळाची हालचाल छान आहे. माझं लक्ष दाराकडे.

माझ्या पुढच्या बाईनं तर आपला नंबरच सोडला. तिचं पोर झोपेला आलं होतं, ती म्हणाली, पुढच्या महिन्यात येईन. अशा बाईची नोंद कागदावर 'तपासणीस आली नाही' अशी होते. ती का आली नाही, याचा रकाना त्या कागदात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवतींना रक्तक्षय आढळला. आपण गोळ्या वाटतो, आणि वाटायलाच हव्यात. पण दिवसभर पोरामागे धावताना उरलंसुरलं ताटातच खाणारी, दुपारी अंग टाकायला न मिळणारी बाई गोळ्यांनी किती भरून निघणार?

आता सरकार काय देतं ते पाहू. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात सरकारी नोकरदार आणि तत्सम लाभ मिळणाऱ्या वगळता प्रत्येक गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये, असं म्हटलंय. प्रत्येक. त्याआधी २०१० मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना निवडक जिल्ह्यांत आली, आपल्याकडे अमरावती आणि भंडाऱ्यात. ती पहिल्या दोन बाळंतपणांसाठी होती. मग २०१७ ला देशभर मातृवंदना योजना आली आणि ती फक्त पहिल्या बाळापुरती, ५,००० रुपये. म्हणजे घरच्या रितीसारखीच सरकारची रीत: लाड पहिलटकरणीचे. १ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या बाळालाही ६,००० रुपये मिळू लागले, पण ती मुलगी असेल तरच.

मुलीचं स्वागत व्हावं हा यामागचा हेतू मी मनापासून मानते. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, कारण इथे मुली पोटातच मारल्या जात होत्या. पण हा हेतू या पैशात घातल्यामुळे काय झालं, बघा. पोटातलं बाळ मुलगी आहे की मुलगा हे आधी कळणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवं. म्हणजे दुसऱ्या खेपेच्या बाईला आपल्याला पैसे मिळणार की नाही, हे बाळंत झाल्यावरच कळतं. गरोदरपणात नीट खावं, जड काम सोडावं, म्हणून जी मदत आहे ती गरोदरपणात मिळूच शकत नाही. मुलगा झाला तर तिचं रक्त कमी गेलं नाही, टाके कमी पडले नाहीत. वाटीखालचा पेढा-बर्फीचा खेळ घरात शोभतो. सरकारी योजनेत आईचा हक्क त्या वाटीखाली ठेवू नये.

तरी मी म्हणेन, पैशापेक्षाही हात महत्त्वाचे. आणि इथे आपल्याकडे सरळ एक खड्डा आहे. अंगणवाडी १९७५ पासून आहे, राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण मूल तीन वर्षांचं झालं की मग ते तिथे बसतं, गरम खिचडी खातं. सहा महिने ते तीन वर्षं या वयात त्याला घरी न्यायचं पाकीट मिळतं, लस मिळते, वजन होतं. बसायला जागा मिळत नाही. आणि पाठोपाठच्या बाळंतपणात वरचं मूल असतं ते नेमकं याच वयाचं.

कायद्यात पाळणाघर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघराची सक्ती आली, १९७६ मध्ये ती मर्यादा तीसवर आणली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ते बंधनकारक केलं, आईला दिवसात चार वेळा बाळाकडे जायची मुभा दिली, आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. या कायद्यानं दुसऱ्या खेपेला कमी लेखलं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. पण तो पोचतो किती जणींपर्यंत? मी ज्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहायचे तिथे आम्ही सातजण होतो. थोरला झाल्यावर मी नोकरी सोडली आणि आता घरून जीएसटीच्या नोंदी करते. धुणंभांडी करणारी, शेतात जाणारी, घरी बसून शिवण करणारी, बिगारी काम करणारी, यांच्यापैकी एकीलाही पन्नास कर्मचाऱ्यांचा कायदा लागू होत नाही.

केंद्रानं २०२२ मध्ये 'पाळणा' नावाची योजना आणली आहे. अंगणवाडीतच पाळणाघर, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. कल्पना अगदी बरोबर. उद्दिष्ट १७,००० ठेवलं. देशात अंगणवाड्या चौदा लाखांच्या घरात आहेत. शंभर अंगणवाड्यांमागे सव्वा पाळणाघर, तेही सगळं उद्दिष्ट पुरं झालं तर. कर्नाटकानं ग्रामपंचायतींमध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी 'कूसिना मने', म्हणजे बाळाचं घर, काढली. छत्तीसगडमध्ये गावातल्या मुलांच्या आयांनीच 'फुलवारी' नावाची पाळणाघरं चालवली. आपल्या राज्याची अर्थव्यवस्था या दोघांहून मोठी आहे.

आणि ही कल्पना तर आपल्याच मातीतली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. शाळेत मुलं येईनात तेव्हा त्या शाळा वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांसोबत पुढे कोसबाडला विकासवाडी उभी राहिली, तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या. का? तर धाकटं भावंड कडेवर असलेली पोरगी शाळेत येऊ शकत नाही, हे त्यांना दिसलं होतं. अंगणवाडी आपण उचलली, पाळणाघर तिथेच राहून गेलं.

'आमच्या आज्यांनी आठ-आठ पोरं वाढवली, तेव्हा कुठे होती पाळणाघरं?' हे मला आत्तापर्यंत दहा जणांनी ऐकवलंय. त्याचं उत्तर माझ्या आईकडे आहे. ती सहा भावंडांत थोरली. चौथीत असताना तिच्या पाठचं तिसरं भावंड झालं आणि तिची शाळा सुटली. आजी शेतात, आणि आईच्या कडेवर पोर. तिचा डावा खांदा आजही उजव्यापेक्षा खाली आहे. आठ-आठ पोरं आज्यांनी एकट्यानं वाढवली नाहीत. प्रत्येक घरात एका पोरीनं आपलं बालपण देऊन वाढवली. आज ती पोरगी शाळेत आहे, कॉलेजात आहे, आणि ती तिथेच असावी. तिची जागा रिकामी झाली ती भरायची कुणी, हा विचार मात्र झाला नाही.

'आजी आहे की', हेही असंच. आजी आता पंचावन्न वर्षांची आहे, कामावर जाते, गुडघे दुखतात, आणि राहते दोनशे किलोमीटरवर. भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर, छत्रपती संभाजीनगरचं वाळूज, इथल्या चाळींत आणि सोसायट्यांत किती घरांत आजी सापडते ते मोजून पाहावं. आणि ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांचं काय? दिवाळीच्या आसपास गाव सुटतं ते उन्हाळ्यापर्यंत. पोटात एक, आणि फडाच्या कडेला ट्रॉलीच्या सावलीत झोळीत दुसरं. तिची मोळी माझ्या साडेअकरा किलोच्या कितीतरी पट जड. माझं सगळं गाऱ्हाणं तिच्यापुढे लहान आहे, पण आमच्या दोघींना हवं आहे ते एकच.

वरच्या मुलाचाही विचार यात कुणी करत नाही. पाचव्या महिन्यात मी थोरल्याचं अंगावरचं तोडलं. शेजारच्या काकूंनी कोरफडीचा गर लावायला सांगितला. त्यानं एकदा तोंड लावलं, चेहरा वाकडा केला, माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याला फसवलंय. आठवडाभर तो नीट जेवला नाही. आमच्याकडे दूध आहे, अंडं आहे, डाळ आहे, म्हणून तो सावरला. ज्या घरात नाही तिथे? डॉ. सिसिली विल्यम्स १९३० च्या दशकात गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. सुजलेल्या अंगाची, निस्तेज केसांची मुलं त्यांनी पाहिली आणि त्या आजाराला तिथल्या गा भाषेतलाच शब्द वैद्यकात आणला, क्वाशिओरकोर. अर्थ: पाठचं मूल आलं की वरच्याला होणारा आजार. कुपोषणाच्या एका रूपाचं नावच मुळी वरच्या मुलाच्या हाल-अपेष्टांवरून पडलंय. मेळघाट, नंदुरबारची चर्चा करताना आपण तान्ह्या बाळाचं वजन मोजतो, गर्भवतीचं हिमोग्लोबिन मोजतो. मधलं दोन वर्षांचं पोर दिवसभर कुणाजवळ असतं, त्याला दर तीन तासांनी कोण भरवतं, हे विचारत नाही. पाळणाघरात ते नियमानं भरवलं जातं, हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

दोन मुलांत अंतर ठेवा, असं म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहायला किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचं ते अंतर राहिलं नाही. पण 'पाळणा लांबवा' असं भिंतीभिंतीवर लिहिणाऱ्या यंत्रणेनं, न लांबलेल्या पाळण्याच्या आईला वाऱ्यावर सोडावं असं त्यातून निघत नाही. आणि हा निर्णय प्रत्येक घरात बाईच्या हातात असतो, असं समजून बोलणाऱ्यांनी एकदा त्या ९ तारखेच्या रांगेत बसावं.

बापाविषयी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्वाची १५ दिवसांची रजा आहे. खाजगी नोकरीत कायद्यानं एकही दिवस नाही. माझा नवरा पोराचं सगळं करतो, अंघोळ घालतो, भरवतो, पण दिवसाचे अकरा तास तो घरात नसतो. पहिल्या खेपेला माहेर होतं म्हणून त्याच्या रजेचा प्रश्न आला नाही. आता मी दवाखान्यात असेन त्या चार-पाच रात्री थोरला कुणाजवळ झोपणार, यावर आमचं रोज बोलणं होतं. बिनपगारी घेतली तर दवाखान्याच्याच महिन्यात पगार कापला जाणार. बापाला कायद्यानं महिनाभराची पगारी रजा असली पाहिजे, दुसऱ्या खेपेला तर असलीच पाहिजे.

परक्याच्या हाती मूल द्यायची धास्ती मला कळते. मलाही आहे. पोरांना गुंगीचं औषध पाजून झोपवणाऱ्या, एका खोलीत पंचवीस पोरं कोंबणाऱ्या जागांच्या बातम्या मीही वाचते. त्या जागा चालतात कारण दुसरी जागा नाही आणि त्यांच्यावर कुणाची देखरेख नाही. चांगलं पाळणाघर म्हणजे काही महाल नाही: एका बाईकडे सहा-सात पोरं, त्यापेक्षा जास्त नकोत, स्वच्छ पाणी, खाली बसता येईल असा संडास, दोन वेळचं ताजं खाणं, आणि आईला कधीही न सांगता डोकावता येईल असं दार. पण सांभाळणाऱ्या बाईला मानधन नको, पगार हवा. अंगणवाडी ताईंना आजवर मानधनावर राबवलंय. त्याच ताईंच्या अंगावर आणखी वीस तान्ही पोरं टाकून पाळणाघर उघडल्याची घोषणा करायची असेल, तर ते न उघडलेलं बरं.

सगळीकडे एकदम होणार नाही, हे मला मान्य आहे. मग सुरुवात गर्भवतीपासून करा. सातव्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिच्या वरच्या मुलाला अंगणवाडीत दिवसभर जागा, हक्कानं, उत्पन्नाचा दाखला न मागता. आरोग्य विभागाच्या गर्भवतीच्या कार्डावर आधीच्या बाळंतपणाची नोंद असतेच. त्या नोंदीपुढे 'वरच्या मुलाला सांभाळायला कोण' एवढा एक रकाना वाढवा. आणि ९ तारखेला तपासणीच्या खोलीशेजारी एक सतरंजी आणि एक बाई. एवढ्यासाठी तर वेगळ्या योजनेचीही गरज नाही.

आमच्या गल्लीतली अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरते आणि दुपारी एकला कुलूप लागतं. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं जातं. ती खोली चारपर्यंत उघडी ठेवावी, तीन वर्षांखालची मुलंही घ्यावीत आणि त्यासाठी दोन बायका पगारावर नेमाव्यात, असा अर्ज आम्ही लिहिला. सतराजणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. त्यातल्या सहाजणी आत्ता पोटुशी आहेत. मी अर्ज द्यायला गेले तेव्हा थोरला बरोबर होता, साहेबांच्या टेबलावरचा शिक्का त्यानं दोनदा खाली पाडला. अर्जाची पोच घेतली आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं आहे, तेव्हा माझा आठवा चालू असेल.